आखडलेला खांदा आणि घरचा व्यायाम

खांदा आखडू लागला की त्याची पहिली खबर रोजच्या साध्या कामांतून लागते. वेणी घालताना हात मानेमागे जात नाही, झंपरचे मागचे हूक लावता येत नाहीत, बनियन काढताना कळ येते, फळीवरचा डबा उतरवताना दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागतो आणि रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ही तक्रार घरोघर ऐकू येते, आणि तिच्या जोडीला एक प्रश्नही: दिवसभर हात राबतात, मग खांदा आखडतो कसा? उत्तर खांद्याच्या घडणीत आणि इथल्या कामांच्या पद्धतीत सापडते. राबताना हात हजार वेळा हालतो, पण तो ठरावीक दिशेने आणि ठरावीक उंचीपर्यंतच. खांद्याला मात्र सगळ्या दिशांची हालचाल लागते. ती मिळाली नाही, किंवा दुखण्यामुळे थांबली, तर सांधा आवळत जातो. तो पुन्हा मोकळा करण्यासाठी भिंत, काठी, टॉवेल आणि रोजची पंधरा-वीस मिनिटे बहुतेकांना पुरतात. कोणता व्यायाम कधी करायचा आणि किती रेटायचे हे मात्र समजून घ्यावे लागते.

खांद्याची रचना

शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा म्हणजे खांदा. खुब्याची वाटी खोल असते आणि मांडीच्या हाडाचे डोके तिच्यात घट्ट बसते. खांद्याची वाटी उथळ असते. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा तिच्यावर बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा टेकलेला असतो. त्याला जागेवर धरण्याचे काम चार लहान स्नायूंची गुंफण करते. सांध्याभोवती पातळ पिशवीसारखे वेष्टण असते. हात खाली सोडलेला असताना या वेष्टणाला काखेच्या बाजूने सैल घडी पडते आणि हात वर गेला की ती उलगडते.

हात पुढून डोक्याच्या वर नेणे म्हणजे सुमारे १८० अंशांची हालचाल. त्यातले साधारण १२० अंश गोळा-वाटीच्या सांध्यातून मिळतात आणि ६० अंश पाठीवरच्या खांद्याच्या पात्याच्या सरकण्यातून. म्हणून पोक काढून बसणाऱ्याचा हात निरोगी असूनही पूर्ण वर जात नाही. पाते पुढे कललेले असते आणि त्याचा वाटा कमी पडतो. पाठ ताठ करून हात वर नेला की फरक लगेच कळतो. घरच्या व्यायामात पाठीला आणि पात्याला जागा द्यायची ती याच कारणासाठी.

दुखण्याचे प्रकार

‘खांदा धरला’ या एकाच शब्दात लोक अनेक दुखणी घालतात. त्यांत सर्वांत ठळक म्हणजे गोठलेला खांदा, म्हणजेच फ्रोझन शोल्डर. फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले यांनी १८७२ मध्ये खांद्याभोवतीच्या या ताठरपणाचे वर्णन केले. बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला आजचे नाव दिले. १९४५ मध्ये नेवियासर यांनी दोष सांध्याच्या वेष्टणात असतो, ते जाड होऊन आवळते, असे दाखवले. साधारण शेकडा २ ते ५ लोकांना हा त्रास होतो. चाळिशी ते साठीच्या वयात आणि स्त्रियांत तो जास्त आढळतो. मधुमेह असलेल्यांत त्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आहे. थायरॉइडचा विकार असेल, किंवा हात बरेच दिवस झोळीत राहिला असेल, तरीही धोका वाढतो.

या दुखण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात वेदना वाढत जाते आणि रात्री झोप उडते. हा काळ साधारण २ ते ९ महिन्यांचा. दुसऱ्यात दुखणे उतरते, पण हात अडतो. तो ४ ते १२ महिने चालतो. तिसऱ्यात हालचाल हळूहळू परत येते आणि त्याला एक वर्षापासून साडेतीन वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा कायम उरतो.

दुसरा मोठा गट म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचे दुखणे. यात हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, कळ येते. तिसरे कारण मान. मानेतली नस दाबली गेली की दुखणे खांद्यातून दंडात आणि पुढे बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात. याखेरीज सांध्याची झीज, मोडलेल्या हाडाच्या उपचारानंतरचा ताठरपणा, अर्धांगवायूनंतरचा किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आखडलेला हात, हेही प्रकार आहेत.

सीमाभागातली कामे आणि खांदा

निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. विडी वळणारी बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली तेंदूची पाने. कोपरे बरगड्यांना चिकटलेली, मान खाली, खांदे पुढे आलेले. पान हातात घेणे, चिमूटभर तंबाखू भरणे, वळणे, टोक दुमडणे, दोरा गुंडाळणे. सगळे काम बोटांचे आणि मनगटाचे. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे मधे उठणे म्हणजे रोजात तूट. बोटे थांबत नाहीत, खांदे मात्र तासन् तास एकाच जागी राहतात. हात डोक्यावर जाण्याची किंवा बाहेरच्या बाजूला वळण्याची वेळ त्या कामात येतच नाही. तंबाखूच्या रानात शेंडे आणि फुटवे खुडतानाही पाठ वाकलेली आणि हात पुढे असतात. वखारीत तंबाखू चाळणे-निवडणे याच पठडीतले.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतल्या मागांवर विणकर हात पुढे ताणून उभा असतो. तुटलेला धागा सांधताना दंड अधांतरी राहतो आणि मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू भरून येतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत जड सुटे भाग उचलावे लागतात. ऊसतोडीत एकच हात कोयता चालवतो आणि मोळी एकाच बाजूने उचलली जाते. रंगारी, गवंडी, फळ्यावर लिहिणारे शिक्षक यांचा हात उलट सतत उंच राहतो. दुकानात आणि कार्यालयात संगणकापुढे बसणाऱ्यांचे खांदे विडी वळणाऱ्या बाईसारखेच पुढे झुकतात. म्हणजे कामे निराळी, पण खांद्याची हालचाल बहुतेकांची एका बाजूची आणि अपुरी. कष्टाने स्नायू थकतात, सांधा मोकळा होतोच असे नाही.

घरच्या घरी पाहणी

व्यायाम निवडण्याआधी तीन हालचाली आरशासमोर पाहाव्यात आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. पहिली, दोन्ही हात पुढून वर नेणे. दुसरी, कोपरे कमरेला चिकटवून काटकोनात दुमडणे आणि पंजे बाहेरच्या बाजूला फिरवणे. तिसरी, हात पाठीमागे नेऊन अंगठा कण्यावर किती वर पोहोचतो ते बघणे.

मग घरातल्या कुणीतरी दुखरा हात अलगद उचलून याच हालचाली करून पाहाव्यात. स्वतःहून हात जात नाही, पण दुसऱ्याने नेला की जातो, असे असेल तर सांधा मोकळा आहे. दोष स्नायूत किंवा कंडरेत असण्याचा संभव जास्त. दुसऱ्याने नेऊनही हात त्याच जागी अडत असेल, विशेषतः पंजा बाहेर वळतच नसेल, तर सांधाच आखडलेला आहे. गोठलेल्या खांद्यात बाहेर वळण्याची हालचाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाते. मान वळवल्याने दुखणे वाढत असेल तर मूळ मानेत शोधावे लागते.

व्यायामाचे नियम

व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतला किंवा गरम पाण्याने अंघोळ करून लगेच सुरुवात केली तर स्नायू सैल पडतात. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झालेल्यांनी पिशवीला जाड फडके गुंडाळावे, एरवी भाजल्याचे कळत नाही.

वेदनेचा हिशेब रुपया-आण्यांत ठेवणे सोपे जाते. रुपयात चार आणे दुखले तर चालते. आठ आण्यांवर गेले की ताण कमी करायचा. व्यायामानंतर दुखणे तासाभरात पूर्वीच्या पातळीला यायला हवे. त्या रात्री झोप मोडली किंवा दुसऱ्या दिवशी हात आणखी आवळला, तर आदल्या दिवशीची मात्रा जास्त झाली असे समजावे आणि ती निम्मी करावी. एकाच वेळी तासभर झगडण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे हात हलवणे जास्त फळते. झटके देऊ नयेत, श्वास रोखू नये, दुसऱ्याने हात धरून जोराने ओढू नये.

दुखण्याच्या टप्प्यातले व्यायाम

वेदना भरात असताना सांध्याला ताण द्यायचा नसतो, फक्त हालता ठेवायचा असतो. यासाठी कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा लोलकाचा व्यायाम सर्वांत सोपा. चांगला हात टेबलावर किंवा कट्ट्यावर टेकवून कमरेत वाकावे आणि दुखरा हात सैल लोंबकळत सोडावा. मग अंग पुढे-मागे झुलवावे. हात त्याबरोबर आपोआप हलतो. पुढे-मागे, आडवा आणि लहान वर्तुळात, प्रत्येकी दहा वेळा. हात खांद्याच्या जोराने फिरवला तर व्यायामाचा हेतूच जातो. कंबर दुखत असेल तर खुर्चीत बसून पुढे वाकून तो करावा.

दुसरा व्यायाम टेबल पुसण्याचा. टेबलासमोर बसून फडक्यावर तळवा ठेवायचा आणि अंगासह पुढे सरकत हात न्यायचा, मग मागे आणायचा. हाताचे वजन टेबल पेलते, त्यामुळे कळ कमी येते. तिसरा, खांद्याची पाती मागे जवळ आणण्याचा. ताठ बसून, खांदे कानांकडे न चढवता, दोन्ही पाती कण्याकडे ओढायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे; असे दहा वेळा. विडी वळताना, माग बघताना किंवा संगणकावर बसल्या जागी हा करता येतो.

या काळात रात्रीची सोय महत्त्वाची. उताणे निजताना दंडाखाली लहान उशी ठेवावी. चांगल्या कुशीवर निजताना दुखरा हात छातीपुढच्या उशीवर टेकवावा. हात झोळीत बांधून ठेवू नये.

आखडलेल्या टप्प्यातले व्यायाम

दुखणे उतरले आणि हात अडू लागला की हळूहळू ताण द्यायची वेळ येते. यात चार दिशा आळीपाळीने घ्यायच्या. प्रत्येक ताण पंधरा ते तीस आकडे धरावा आणि तीन-चार वेळा करावा.

वरची दिशा: उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरावी आणि चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याच्या दिशेने न्यावा. भिंतीवर बोटांनी चढणेही याच दिशेचे. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे एकेक पाऊल टाकल्यासारखी वर न्यायची आणि तशीच उतरवायची. खांदा कानाजवळ उचलून किंवा अंग तिरके करून उंची वाढवू नये; ती उंची खोटी असते. विहिरीवर असते तशी कप्पी दाराच्या वर बसवून दोर टाकला तर चांगला हात दुखऱ्याला वर ओढू शकतो. बेळगावातल्या जुन्या घरांत हे सामान सहज मिळते.

बाहेरची दिशा: गोठलेल्या खांद्यात ही सर्वांत मोलाची. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेला पंचा धरायचा, कोपर काटकोनात ठेवायचे. दोन्ही हातांत काठी आडवी धरून चांगल्या हाताने ती दुखऱ्या बाजूला ढकलायची, म्हणजे दुखरा पंजा बाहेर वळतो. पंचा खाली पडला तर कोपर अंगापासून सुटले, असे समजावे. काठी नसेल तर दाराच्या चौकटीला तळवा टेकवून अंग विरुद्ध बाजूला हळू वळवावे.

आडवी दिशा: दुखरा हात छातीपुढून दुसऱ्या खांद्याकडे न्यावा आणि चांगल्या हाताने कोपराजवळ धरून अलगद ओढावा. खांद्याची मागची बाजू यातून सुटते.

पाठीमागची दिशा: टॉवेल चांगल्या खांद्यावरून पाठीवर सोडावा, दुखऱ्या हाताने कमरेजवळ त्याचे खालचे टोक धरावे आणि वरच्या हाताने टॉवेल सावकाश ओढावा. दुखरा अंगठा कण्यावरून बोट-दोन बोटे वर सरकतो. झंपरचे हूक आणि मागचा खिसा याच हालचालीवर अवलंबून असतात, म्हणून अनेकजण पहिल्या दिवसापासून नेमका हाच व्यायाम जोराने करतात आणि दुखणे पेटवून घेतात. इतर तीन दिशा बऱ्यापैकी मोकळ्या झाल्यावर याची पाळी येते.

पुढे आलेल्या खांद्यांसाठी दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही हातांचे कोपरापुढचे भाग चौकटीला टेकवावेत आणि एक पाऊल पुढे टाकून छाती उघडावी. सांधा आखडलेला नाही, पण बसून बसून खांदे जड झालेत, अशांना हा आणि पाती ओढण्याचा, एवढे दोनही बरेचदा पुरे पडतात.

ताकदीचे व्यायाम

हालचाल परत येऊ लागली की तिला बळ लागते. कंडरेच्या दुखण्यात तर मुख्य उपचार हाच. सुरुवात भिंतीपासून करावी: कोपर काटकोनात ठेवून मूठ भिंतीवर दाबायची, हात हलू द्यायचा नाही, पाच आकडे धरून सोडायचे. मूठ पुढे, कोपर मागे आणि मनगटाची बाहेरची बाजू भिंतीला, अशा तीन तऱ्हांनी दहा-दहा वेळा. हे दुखेनासे झाले की रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून तो बाहेर आणि मागे ओढावा. अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे घरातले अर्ध्या किलोचे वजन. ती घेऊन हात खांद्याच्या उंचीपर्यंत पुढे आणि तिरका उचलावा. ताकदीचे व्यायाम एक दिवसाआड केले तरी चालतात. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

बेळगाव-कोल्हापूरच्या तालमींची परंपरा या भागाला मिळाली आहे. जोर, मुद्गल, मल्लखांब यांनी खांदे पोलादी होतात, यात वाद नाही. पण ते निरोगी खांद्याचे व्यायाम आहेत. आखडलेल्या हातावर जोर मारायला लागलात तर अंगाचे वजन नेमके सुजलेल्या जागी पडते. सूर्यनमस्काराचेही तसेच, हात जमिनीवर टेकण्याच्या स्थिती खांदा पूर्ण सुटेपर्यंत गाळाव्यात. बरे झाल्यावर मात्र याच व्यायामांकडे परतावे, कारण टिकाऊ बळ तिथेच आहे.

अभ्यास काय सांगतात

नेदरलँड्समध्ये गोठलेल्या खांद्याच्या ७७ रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दुखण्याच्या मर्यादेत राहून सौम्य व्यायाम केले, दुसऱ्याला जोरकस ताण दिले गेले. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या शेकडा ८९ जणांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. जोरकस गटात हे प्रमाण ६३ होते. त्याआधी २००० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात वर सांगितलेल्या चार दिशांच्या घरगुती ताणांनी बहुसंख्य रुग्ण समाधानी झाल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन उपचारांची तुलना झाली: इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवणे आणि दुर्बिणीतून वेष्टण मोकळे करणे. वर्षभरानंतर कोणताही एक उपचार रुग्णाच्या दृष्टीने ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे घाईने शस्त्रक्रियेकडे जाण्याचे कारण बहुतेकांना नसते, आणि जोर लावून खांदा सुटतो हा समज चुकीचा आहे.

सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन पहिल्या टप्प्यातली वेदना उतरवते आणि व्यायाम करता येण्याजोगी स्थिती आणते. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून ती तपासत राहावी लागते. सुश्रुतसंहितेत अवबाहुक नावाने खांद्याच्या अशा विकाराचे वर्णन आहे, आणि तेलाने मालिश करून शेकण्याची रीत घरोघर चालते. मालिशीने स्नायूंना आराम मिळतो. पण आवळलेले वेष्टण मालिशीने सुटत नाही; शेकल्यावर व्यायाम झाला तरच त्याचा उपयोग. हात पिळून ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जाणे धोक्याचे आहे, कारण ठिसूळ हाड मोडू शकते किंवा कंडरा तुटू शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे

पडल्यानंतर हात उचलताच येईनासा झाला, खांद्याचा आकार बदलला, सांधा लाल व गरम होऊन ताप आला, हातातली शक्ती किंवा जाणीव गेली, गाठ दिसू लागली किंवा वजन उतरू लागले, तर घरचे व्यायाम थांबवून तपासणी करावी. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते हृदयाचे लक्षण असू शकते आणि तिथे एक मिनिटही घालवू नये. उजव्या खांद्यात दुखणे पित्ताशयातूनही येते. चाळिशीनंतर कारण नसताना खांदा आखडला तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाचा पत्ता कधीकधी खांद्यावरूनच लागतो. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात हाडांच्या विकारांवर उपचार होतात. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते. फिजिओथेरपिस्टकडून एक-दोनदा व्यायाम नीट शिकून घेतले की पुढचे काम घरी होते.

दिवसात व्यायाम बसवणे

हातावर पोट असलेल्यांना वेगळा वेळ काढणे अवघड, म्हणून व्यायाम कामाला जोडावा लागतो. सकाळी अंघोळीनंतर काठीचे व्यायाम, विडीची शेपन्नास वळून झाली की पाती ओढणे आणि दोन्ही हात वर नेऊन ताठणे, दुपारी जेवणानंतर लोलक, रात्री निजताना शेक आणि ताण. जमिनीवर बसताना पाठ भिंतीला टेकवावी, सूप थोडे उंच ठेवावे, ओझे दोन्ही हातांत वाटून घ्यावे, रोज लागणारे डबे खांद्याच्या उंचीच्या फळीवर आणावेत.

प्रगती मोजण्यासाठी भिंतीवर बोटे जिथवर पोहोचतात तिथे खडूने खूण करून तारीख लिहावी. रोज नव्हे, पंधरा दिवसांनी एकदा नवी खूण करावी. रोजच्या चढउताराने मन खचते. सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही खूण हलली नाही, किंवा रात्रीचे दुखणे वाढत गेले, तर व्यायामाचा क्रम तज्ज्ञाकडून पुन्हा ठरवून घ्यावा. खूण वर सरकत असेल तर हात पूर्ण मोकळा झाल्यावरही आठवड्यातून तीन दिवस चारही दिशांचे ताण चालू ठेवावेत. एका खांद्याला हे दुखणे झालेल्यांपैकी काहींना पुढे काही वर्षांत दुसऱ्या खांद्यालाही होते, म्हणून व्यायाम दोन्ही हातांचा करावा.